आपणच लेखक आणि आपणच गिऱ्हाईक!

ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्या समाजातला माणूस आज पुस्तक लिहितो, ही साधी गोष्ट नाही. ६ डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलसमोर जी गर्दी होते, तशी गर्दी या देशात दुसऱ्या कुठल्या यात्रेत क्वचितच दिसेल. तिथे आलेला खेड्यातला शेतमजूरसुद्धा पोटाला चिमटा काढून एखादे पुस्तक पिशवीत टाकूनच परत जातो.

पण त्याच गर्दीत आणखी एक चित्र दिसते. एक साठीचा माणूस जमिनीवर चादर अंथरून, समोर एकाच पुस्तकाचे गठ्ठे ठेवून बसलेला असतो. तो पुस्तकविक्रेता नसतो, लेखक असतो. छापील किंमत दोनशे रुपये असलेले पुस्तक तो पन्नास रुपयांना देत असतो आणि कोणी पाने चाळली तर ‘असेच घेऊन जा’ म्हणत असतो. या पुस्तकावर प्रकाशकाचे नाव आहे, आयएसबीएन आहे, मागे लेखकाचा फोटो आहे. मग प्रकाशक कुठे आहे? प्रकाशकाचे काम केव्हाच संपलेले आहे. त्याला हवे असलेले गिऱ्हाईक त्याला मिळाले होते. ते गिऱ्हाईक म्हणजे हा लेखकच!

इंग्रजीत या धंद्याला ‘व्हॅनिटी पब्लिशिंग’ म्हणतात. व्हॅनिटी म्हणजे पोकळ बडेजाव. हे नाव मला आपल्या लेखकांच्या बाबतीत अन्यायाचे वाटते. आपला लेखक बडेजावासाठी लिहीत नाही. घरात लिहिणारा तो पहिलाच असतो. बापाने सोसले ते, आईने सांगितले ते, वस्तीने पाहिले ते कागदावर उतरले नाही तर आपल्याबरोबरच मातीत जाईल, ही भीती त्याला लिहायला लावते. या भीतीवर आणि सन्मानाच्या भुकेवर आज एक मोठा धंदा उभा राहिला आहे. म्हणून त्याची चिरफाड केली पाहिजे.

हा धंदा चालतो कसा? जाहिरात येते, ‘आपले हस्तलिखित पाठवा, महिन्याभरात पुस्तक हातात घ्या.’ लेखक हस्तलिखित पाठवतो. आठ दिवसांत उत्तर येते की, आमच्या संपादक मंडळाने आपले लेखन प्रकाशनासाठी निवडले आहे. प्रत्यक्षात मंडळ नसते आणि निवडही नसते. तिथे कोणाचेच हस्तलिखित परत जात नाही. वाचकांनी ही खूण लक्षात ठेवावी. जो प्रकाशक कधीच ‘नाही’ म्हणत नाही, त्याच्या ‘होय’ला काडीची किंमत नसते. मग खर्चाचा कागद येतो. अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, मुद्रितशोधन, आयएसबीएन, जाहिरात, प्रकाशन सोहळा अशी कलमे पाडून एक रक्कम सांगितली जाते. तिला कोणी ‘लेखक सहयोग’ म्हणतो, कोणी ‘पॅकेज’ म्हणतो.

आता हिशेब मांडून पाहू. समजा, पुस्तक १६० पानांचे आहे. ५०० प्रतींसाठी लेखकाने ७० हजार रुपये मोजले. म्हणजे एक प्रत त्याला १४० रुपयांना पडली. पुस्तकावर किंमत छापली २०० रुपये. विक्रेत्याला ४० टक्के सूट दिली, तर एका प्रतीमागे हाती येतात १२० रुपये. सगळ्या ५०० प्रती दुकानांतून विकल्या गेल्या आणि सगळा पैसा लेखकालाच मिळाला, तरी जमा होतात ६० हजार. दहा हजारांचा खड्डा ठरलेलाच! पण करारात तर लेखकाला दहा टक्के मानधन लिहिलेले असते. एका प्रतीमागे २० रुपये. म्हणजे शेवटची प्रत विकली गेल्यावर त्याच्या हाती येणार दहा हजार आणि खिशातून गेलेले सत्तर हजार.

प्रकाशकाचे काय? त्याचा नफा पहिली प्रत छापण्याआधीच खिशात पडलेला असतो. मग त्याने पुस्तक विकायचे कशाला? खऱ्या प्रकाशकाचे पैसे पुस्तकात अडकलेले असतात, म्हणून तो विक्रीसाठी धडपडतो, ग्रंथालयांचे उंबरे झिजवतो, परीक्षणासाठी प्रती पाठवतो. ज्याचे पैसे अडकलेलेच नाहीत, तो एक प्रतही विकण्यासाठी हात हलवणार नाही. त्याची नीतिमत्ता चांगली की वाईट हा प्रश्न नंतरचा आहे. धंद्याची रचनाच अशी आहे.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक काका आले होते. महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी आयुष्य लिहून काढले होते. गटारात उतरण्याचे काम, संपाचे दिवस, नामांतराच्या लढ्यात खाल्लेल्या लाठ्या, सगळे. ग्रॅच्युइटीतून त्यांनी ९० हजार रुपये एका प्रकाशकाला तीन हप्त्यांत दिले. पावती पहिल्या हप्त्याचीच. बाकीचे रोख. हजार प्रती छापायचे ठरले होते, घरी आल्या तीनशे. उरलेल्या ‘गोदामात’. दोन वर्षांनी मानधन मागितले, तर चाळीस प्रती खपल्याचे तोंडी सांगितले गेले. पुढे निरोप आला, गोदाम रिकामे करायचे आहे, प्रती निम्म्या किमतीत उचला, नाहीतर रद्दीत जातील. ज्या प्रतींच्या छपाईचे पैसे काकांनीच दिले होते, त्याच प्रती काकांनीच पुन्हा विकत घ्यायच्या!

काका मला म्हणाले, “वकीलसाहेब, पैशाचं जाऊ द्या. पण माझं पुस्तक रद्दीत जाईल हो.” त्यांनी वीस हजार उसने काढायची तयारी केली होती. करार इंग्रजीत होता आणि त्यात सर्व हक्क प्रकाशकाकडे कायमचे दिल्याचे लिहिले होते. आपण काय सही केली हे काकांना ठाऊक नव्हते. नोटीस दिल्यावर हक्क सोडल्याचे पत्र मिळाले आणि ‘गोदामातल्या’ प्रती म्हणून १२० पुस्तके आली. हजार प्रती कधी छापल्याच नव्हत्या, हे उघड झाले. रोख दिलेल्या पैशाचा पुरावा नव्हता, ते पैसे बुडाले.

असे काका गावोगाव आहेत. फसवणुकीचे प्रकारही अनेक आहेत. प्रातिनिधिक कवितासंग्रह नावाचा एक प्रकार आहे. पन्नास कवींकडून प्रत्येकी वर्गणी घ्यायची, प्रत्येकाने पाच प्रती घेण्याची अट घालायची. अडीचशे प्रती तिथेच संपतात, एकही वाचक लागत नाही! मग प्रवेश शुल्क घेऊन दिले जाणारे ‘राज्यस्तरीय’ पुरस्कार. स्मृतिचिन्ह, शाल, फ्लेक्सवर फोटो आणि सोहळ्याच्या जेवणाचे पैसे पुन्हा पुरस्कारविजेत्याकडूनच. महाविद्यालयातल्या प्राध्यापकांची अडचण वेगळी. यूजीसीच्या २०१० च्या विनियमांनी बढतीसाठी गुणांकाची पद्धत आणली, पुस्तकाला गुण ठेवले. तेव्हापासून पीएच.डी.चा प्रबंध जसाच्या तसा छापून देणारी दुकाने फोफावली. आपल्या समाजातल्या कितीतरी अभ्यासकांचे कष्टाचे संशोधन अशा दुकानांत अडकून पडले आहे. ते ना ग्रंथालयात पोचले, ना कार्यकर्त्याच्या हाती.

आणि आयएसबीएनचे थोतांड! हा तेरा आकडी क्रमांक म्हणजे सरकारने पुस्तकाला दिलेली मान्यता, असा समज पसरवून त्याचे वेगळे पैसे उकळले जातात. आयएसबीएन हा फक्त पुस्तक ओळखण्याचा क्रमांक आहे. दर्जाशी त्याचा काही संबंध नाही. भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेमार्फत तो मोफत मिळतो आणि स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही अर्ज करता येतो.

इथे कोणी विचारील, मग स्वतःच्या पैशाने पुस्तक काढूच नये काय? जरूर काढावे! स्वखर्चाने छापण्यात कमीपणा असता, तर आपली परंपराच कमीपणाची ठरली असती. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले. कमिटीने ते नाकारले. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’चे पहिले दोन भाग ‘दीनबंधु’ने छापले आणि पुढचे छापायचे थांबवले. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ तर जोतीरावांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये पुत्र यशवंतरावांनी प्रसिद्ध केले. सत्य सांगणाऱ्याला प्रस्थापित छापखाना सहजासहजी मिळत नाही, हा आपला जुना अनुभव आहे.

बाबासाहेबांचे उदाहरण तर प्रत्येक लेखकाने पाठ करावे असे आहे. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले आणि भाषण वाचून अधिवेशनच रद्द केले. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला आणि ते भाषण स्वखर्चाने छापले. तोच ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ हा ग्रंथ. १५०० प्रती काढल्या, किंमत ठेवली आठ आणे. गांधीजींनी ‘हरिजन’मधल्या लेखात ही किंमत जास्त असल्याचे सांगून ती दोन किंवा निदान चार आणे करावी असे सुचवले. तरीही आठ आण्यांच्या त्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या आणि १९३७ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली. त्या प्रती बाबासाहेबांनी विकत घेतल्या नव्हत्या. वाचकांनी घेतल्या होत्या.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ छापायलाही बाबासाहेबांकडे पैसे नव्हते. छपाईचा खर्च सुमारे वीस हजार रुपये होता. १४ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून सरकारने पाचशे प्रती घ्याव्यात आणि ग्रंथालयांना व बुद्ध जयंतीसाठी येणाऱ्या विद्वानांना द्याव्यात, अशी विनंती केली. ती मान्य झाली नाही. ग्रंथ १९५७ मध्ये निघाला, तेव्हा बाबासाहेब नव्हते. जगातल्या एका मोठ्या विद्वानाला ज्या पाचशे प्रतींसाठी पत्र लिहावे लागले, तितक्या प्रतींसाठी आपल्या लेखकाला धडपड करावी लागते, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण बाबासाहेबांनी काय मागितले ते बघा. त्यांनी प्रती घेणारा मागितला, वाचकांपर्यंत पोचण्याचा रस्ता मागितला. वीस हजार घेऊन नुसते प्रकाशकाचे नाव लावणारा माणूस त्यांनी शोधला नाही.

फरक इथेच आहे. स्वखर्चाने पुस्तक काढणारा लेखक स्वतः प्रकाशक असतो. प्रती त्याच्या, हक्क त्याचे, किंमत तो ठरवतो, आलेला पैसा त्याचा. पैसे देऊन दुसऱ्याला प्रकाशक म्हणवून घेणारा लेखक खर्चही करतो आणि हक्कही गमावतो. पहिल्याला तोटा झाला तरी पुस्तक त्याचे राहते. दुसऱ्याचे पैसे जातात आणि पुस्तकही जाते.

म्हणून सही करण्यापूर्वी पुढील गोष्टी प्रत्येकाने पाहाव्यात.

१) स्वामित्वहक्क कायदा १९५७ प्रमाणे सर्वसाधारणपणे लेखक हाच आपल्या लेखनाचा पहिला मालक असतो. लेखी आणि सही केलेल्या कागदाशिवाय हा हक्क दुसऱ्याकडे जात नाही. नुसते पैसे दिले-घेतले म्हणून प्रकाशक मालक होत नाही.

२) कलम १९ प्रमाणे करारात कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मानधनावर दिले, हे लिहिलेले हवे. काळ लिहिला नसेल तर तो पाच वर्षे धरला जातो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. ‘कायमचे सर्व हक्क’ असे वाक्य दिसले की लेखणी खाली ठेवा. छापील आवृत्तीचा हक्क द्यायचा तर तेवढाच द्या. अनुवाद, ई-पुस्तक, नाटक-चित्रपट यांचे हक्क स्वतःकडे ठेवा.

३) दिलेल्या हक्काचा एक वर्षात वापर झाला नाही, तर करारात वेगळे ठरले नसल्यास त्या हक्काचे हस्तांतरण संपते. अडकलेल्या लेखकांनी आपला जुना करार या नजरेने पुन्हा वाचावा.

४) किती प्रती छापणार, छापखान्याचे बिल दाखवणार की नाही, विक्रीचा हिशेब वर्षातून किती वेळा देणार आणि उरलेल्या प्रतींचे काय करणार, हे लिहून घ्या. लेखकाने अमुक प्रती विकत घ्याव्यात, अशी अट असेल तर ती किंमत खर्चात मिळवा आणि मगच हो म्हणा.

५) पैसे रोख देऊ नका. बँकेतून द्या, प्रत्येक हप्त्याची पावती घ्या. मुखपृष्ठाची आणि जुळणी केलेल्या मजकुराची संगणकातली फाइल लेखकाला मिळेल, असे लिहून घ्या. पुढच्या आवृत्तीला तीच लागते.

६) करार समजेल अशा भाषेत मागा. मराठी पुस्तकाचा करार मराठीत करायला कायद्याची काही हरकत नाही.

फसवणूक झालीच तर हात बांधून बसू नका. पैसे घेऊन छपाई आणि वितरण करून देणे ही सेवा आहे. ठरलेल्या प्रती दिल्या नाहीत, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. लेखक जिथे राहतो त्या जिल्ह्यातही ती दाखल होते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते. समोरचा वकील ‘लेखकाने हे व्यापारी हेतूने केले, म्हणून तो ग्राहकच नाही’ असा मुद्दा काढतो. उत्तर देण्यासाठी आपला कागद पक्का हवा. कागद नसेल तर कायदा लंगडा पडतो, हे काकांच्या प्रकरणात दिसलेच.

आता पर्याय काय? पहिला पर्याय घाई न करण्याचा. हस्तलिखित आधी जाणत्या माणसाला वाचायला द्या. सोहळ्यावर वीस हजार उधळण्यापेक्षा चांगल्या संपादकाला आणि मुद्रितशोधकाला पाच-दहा हजार द्या. दुसरा, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. आपल्या मुलामुलींनी तिथे अर्ज करावेत. तिसरा, स्वतः छापायचे तर हजार प्रतींचा हट्ट सोडा. आज डिजिटल छपाईत शंभर प्रतीही निघतात. प्रती संपल्या की पुन्हा शंभर काढा. पुस्तक निघाल्यावर कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत पाठवा. तेवढ्याने तुमच्या बापाची कहाणी देशाच्या दप्तरात जमा होते.

चौथा पर्याय सर्वांत महत्त्वाचा, आधी वाचक आणि मग छपाई. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली ‘ग्रंथाली’ने काढले. ‘ग्रंथाली’ ही वाचकांची चळवळ म्हणून उभी राहिली होती. पैसे भरून आधीच नाव नोंदवणारे दोनशे वाचक मिळाले, तर लेखकाला कोणासमोर हात पसरावे लागत नाहीत. एका तालुक्यातल्या वीस बुद्धविहारांनी प्रत्येकी दहा प्रतींची नोंदणी केली की दोनशे होतात. हे अवघड आहे काय? जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत किती खर्च होतो, त्याचा हिशेब प्रत्येक मंडळाने स्वतःच करावा.

म्हणून हा प्रश्न एकट्या लेखकाचा नाही. आपण प्रकाशनाला जातो, टाळ्या वाजवतो, फोटो काढतो आणि निघताना म्हणतो, ‘सर, एक प्रत सहीनिशी द्या की!’ पुस्तक विकत मागणारे त्या सभागृहात किती असतात? ओळखीचा लेखक म्हणजे फुकटचे पुस्तक, अशी आपली समजूत झाली आहे. फुकट मिळालेले पुस्तक बहुधा कपाटावर जाते. पैसे मोजून घेतलेले पुस्तक वाचले जाते. आपण मित्राचे पुस्तक विकत घेत नाही, म्हणून मित्र स्वतःचे पुस्तक विकत घेतो आणि त्यावर तिसराच माणूस गब्बर होतो. पोटाला चिमटा काढून बाबासाहेबांचा ग्रंथ घेणारा तो शेतमजूर आपल्या शिकल्यासवरल्यांपेक्षा पुस्तकाची किंमत जास्त ओळखतो, असे खेदाने म्हणावे लागते.

बाबासाहेबांनी स्वतःचा छापखाना उभारला होता, कारण दुसऱ्याच्या छापखान्यावर आपला शब्द सोपवता येत नाही हे त्यांनी ओळखले होते. त्या वारशातली दादरच्या आंबेडकर भवनातील बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस २५ जून २०१६ रोजी पाडली गेली, तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो. ते योग्यच होते. पण छापखान्याच्या भिंती वाचवणारा समाज त्यातून निघणारी पुस्तके विकत घेणारा समाजही असला पाहिजे. येत्या पौर्णिमेपासून प्रत्येक विहाराने आपल्या तालुक्यातल्या एका लेखकाचे पुस्तक पैसे देऊन घ्यावे, वाचावे आणि त्यावर त्या लेखकासमोरच चर्चा करावी. पुस्तक वाईट असेल तर तसेही सांगावे. लेखकाला वाचक मिळाला, की त्याला पैसे घेऊन लेखक बनवणाऱ्यांची दुकाने आपोआप बंद पडतील.